विझवायच्या राहिलेल्या दिव्याची हकीकत

श्री.

दर्यास नमन. दर्या ज्याने कधी पाहिला नाही त्या कोरड्या माळासही नमन. आणि दोहोंमध्ये जे अंतर आहे, ज्यावाचून कोणास कोणाची आठवण येती ना, त्यास तिसरे नमन. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सर, ते साली एक राज्य होते. त्यास राजा नव्हता, छत्रचामर नव्हते, खजिना नव्हता, फौज नव्हती, आणि तरी राज्य बरे चालले होते. राज्याचे काम एकच, जे किनाऱ्यावरील समस्त लोकांस भरती कधी येणार आणि ओहोटी कधी लागणार हे हातातल्या मोबाइलवर फुकट सांगावे. इमारत दगडाची नव्हे, ओळींची होती, ज्यांस हल्लीचे लोक कोड म्हणतात, आणि ती सारी उघडी. कोणीही यावे, ओळ अन् ओळ वाचावी, अवघ्या राज्याची नक्कल पदरी बांधून घरी न्यावी, कोणी हटकणार नाही. मग घरी बसून त्या नकलेत जी पडझड दिसेल ती दुरुस्त करावी, आणि मूळ गडाच्या दाराशी येऊन अर्जी ठेवावी की, एवढे काम केले आहे, मर्जीस आल्यास गडास जोडून घ्यावे. दाराशी किल्लेदार. ते काम पाहत, शेरा लिहीत, अर्जदार सुधारून आणी, पुन्हा शेरा, पुन्हा सुधारणा, आणि मनाजोगते झाले म्हणजे काम गडास जोडून अर्जीवर जांभळी मोहोर उमटे आणि अर्जी बंद होई. अर्जी बंद जाहली की तिच्याखालचे बोलणेही सरले. त्या राज्यात गप्पांस चावडी नव्हती, पार नव्हता, पाणवठा नव्हता. दोन माणसांनी बोलावे तर एखाद्या उघड्या अर्जीखालीच बोलावे, तेही कामापुरते. हा रिवाज ध्यानात धरावा, कारण पुढील सर्व सुख आणि सर्व दुःख यातूनच उपजले.

ते समयी एका खाडीकाठी वैजयंता तांडेल नामे बाई होती. मासेमाऱ्याच्या घरची लेक, वडील दर्यात गेले ते परतले नाहीत, आईने वाढवलेली, तालुक्याच्या कॉलेजात संगणक शिकलेली आणि तालुक्यासच पतपेढीत नोकरीस. रोज बसने जावे, बसने यावे. आई शेवंतीबाई, ओहोटीस बाकीच्या बायांबरोबर गाळात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढी आणि बाजारात बसे. पूर्वी या बाया पाण्याची चाल अंगावर ओळखत, परंतु खाडीवर नवा पूल जाहला आणि त्याच्या खांबांनी पाण्याची वाट फिरवली, तेव्हापासून जुने अंदाज चुकू लागले, आणि बाया मोबाइलमध्ये पाहू लागल्या. मोबाइल सांगे ती वेळ खाडीच्या मुखाची. आत गावापाशी पाणी वेगळ्या वेळी वळे. वैजयंताबाईच्या मनी आले की, राज्य उघडे आहे तर आपणच डागडुजी का न करावी. मग तिने राज्याची नक्कल आणली आणि कामास बसली. या धंद्यात ऐसी रीत आहे की, ओळींच्या भुयारात आपण कुठवर पोचलो हे कळावे म्हणून कारागीर जागोजाग एकेक बोलकी ओळ ठेवतो. काम तेथवर आले की ती ओळ पडद्यावर म्हणते, इथवर आले. त्यास ते लोक दिवा म्हणत. काम संपले की सर्व दिवे विझवून मगच अर्जी ठेवावी, कारण दिवा जळत असता गडाचे दार उघडू नये ऐसा दंडक. बाईने पहिलीच अर्जी ठेवली आणि घाईत एक दिवा विझवायचा राहिला.

खाडीकडील दाराची किल्ली हणमंतराव कोळेकर यांजकडे होती. हे गृहस्थ माणदेशाकडील, मेंढरे राखणाऱ्याच्या घरचे, वय ठाऊक नाही, मुख ठाऊक नाही, त्या राज्यात कोणाचेच नसे. त्यांचा शेरा आला, "काम बरं आहे. एक दिवा विझवायचा राहिलाय. कोणासाठी ठेवलाय?" बाई पतपेढीच्या खिडकीआड बसून लाजली. चुकून राहिला, माफी असावी, ऐसे लिहिले. तर उत्तर आले की, माफी कशाला, अंधारात काम करणाऱ्याच्याच हातून दिवा राहतो. आणि खाली, संकोचल्यागत, एक पुसणे होते. पाणी वळते म्हणजे डोळ्यांस काय दिसते, ते सांगाल काय, मी समुद्र पाहिला नाही. बाईने विचारले, मग पाणी वळले हे तुम्हास कळते कसे? राव म्हणाले, "आकड्याआधी उणे चिन्ह येतं." बाई इतकी हसली की रांगेतला म्हातारा खातेदार म्हणाला, पोरी, लग्न ठरलं वाटतं. मग तिने लिहिले की, पाणी वळते तेव्हा आधी काहीच होत नाही, घटकाभर ते ना येते ना जाते, मग नांगरलेल्या होड्या एकेक करून तोंड फिरवतात, जणू कोणी मागून हाक मारली. आणि रावांनी लिहिले की, आमच्याकडे मेंढरे सांजेला माघारी वळतात तेव्हा आधी धूळ दिसते आणि मग मेंढरे, आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, त्यात आकाश मावत नाही. ऐसे बोलणे होता होता दिवा विझला, काम जोडले गेले, अर्जीवर जांभळी मोहोर उमटली. बाईस आनंद व्हावा, तो जाहला, परंतु आनंदाच्या मागून ओहोटी लागल्यागत काही आतून सरकत गेले. कोणी म्हणेल, निराळा निरोप का न धाडावा. धाडावा, पण कोणत्या कामाने धाडावा? कामावाचून हाक मारण्याची हिंमत ज्यास असते त्यास बखरी लागत नाहीत.

मग पुढील अर्जी ठेवताना बाईने एक दिवा मुद्दाम राहू दिला. रावांनी तो हेरला आणि लिहिले, "बाई, तुमच्या घरी वीजबिल कोण भरतं?" बाईने लिहिले, "किल्लेदार भरतात." आणि त्या दिव्याच्या उजेडात दोघांनी चार गोष्टी बोलून घेतल्या, तिसऱ्यांस वास कसा असतो, मेंढीस खुणेने कैसे बोलावतात, आणि मग तो विझला. येणेप्रमाणे अर्जीमागून अर्जी, दिव्यामागून दिवा. शेवंतीबाई लेकीस पडद्याकडे पाहून हसताना पाही आणि म्हणे, "गो, तुझो तो माळावरचो हणमंत आज काय म्हणता?" लेक म्हणे, कामाचे बोलतो. आई म्हणे, होय, कामाचाच बोलतत सगळे. आणि कोयतीने तिसरी फोडत राही.

ऐसे करता करता बाईने मोठे काम सिद्ध केले. पुलामुळे बदललेली पाण्याची चाल सारी मोजून खाडीच्या आतल्या गावांची वेळ नव्याने बांधली. काम खरे होते, पक्के होते, आणि शेवटचे होते. हे गडास जोडले म्हणजे खाडीत दुरुस्त करावे ऐसे काही उरत नव्हते. बाईने अर्जी ठेवली आणि तीत दिवे ठेवले. रावांनी एक दाखवला, म्हणाले, हा विझवा, लगेच जोडतो. बाईने तो विझवला आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक लावला. रावांनी तोही दाखवला. मग तिसरा. काम दाराशी पडून राहिले आणि बोलणे चालत राहिले, आणि तिकडे गावातल्या बाया जुनीच वेळ पाहून गाळात उतरत राहिल्या.

एके दिवशी बाई बसमधून उतरली तो पुलाशी गर्दी. पाणी मोबाइलने सांगितल्या वेळेआधी वळले होते. शेवंतीबाई टोपली भरायच्या नादात आत राहिली, गाळाने पाय धरला, पाणी छातीशी आले, तिने पुलाचा खांब कवटाळला आणि एका होडीवाल्याने केसांस धरून वर घेतली. टोपली गेली, कोयती गेली. घरी चुलीशी बसून ती थरथरत होती. अंगावर दोन गोधड्या घेऊन पुसती जाहली, "वैजू, तुझी ती दुरुस्ती झाली मगे नाय?"

"झाली आये. दाराशी असा."

"मगे दार कोण उघडणा नाय?"

बाईने चुलीतली लाकडे नीट केली, आईच्या पायांचा गाळ कोमट पाण्याने धुतला, नखांतला गाळ निघेना तो काडीने काढला. मग उठली, पडवीत जाऊन बसली आणि भुयारातला एकेक दिवा स्वतःच्या हाताने विझवून आली. एकही राहू दिला नाही. काही वेळाने रावांचा शेरा आला, "या वेळी दिवा नाही." आणि त्याखाली, अंमळ थांबून, "शोधायची सवय लागली होती." बाईने लिहिले, "आई पाण्यात अडकली होती. वाचली. दिवे मीच ठेवत होते." अंगणातली कोंबडी खुराड्यात गेली, दिवेलागण जाहली. मग उत्तर आले, "ठाऊक होतं. मीही सगळे एकदम दाखवत नव्हतो." आणि बाई ते वाचते न वाचते तो काम गडास जोडले गेले, जांभळी मोहोर उमटली, अर्जी बंद जाहली. दोघांचा अपराध, दोघांनीच त्याचे दार लावून घेतले.

त्यानंतर थोडक्या दिवसांत हणमंतरावांनी किल्लेदारी सोडली. वडील थकले, मेंढरे राखणारे कोणी नाही, रानात मोबाइलला रेंज नाही, सबब सेवा होत नाही, ऐसे राज्यास कळवले. जाणाऱ्याने आपल्या जागी कोणास नेमावे हा रिवाज होता, त्यांनी वैजयंता तांडेल यांचे नाव सांगितले. कारण पुसले तर एवढेच म्हणाले की, दिवे कुठे राहतात ते या बाईंस ठाऊक आहे. किल्ली बाईच्या हाती आली. मग ती दाराशी बसू लागली. मुलुखोमुलखीचे अर्जदार येत, चुकत, आणि ती त्यांचे दिवे दाखवी, हळू बोलून दाखवी, कोणास उणे बोलत नसे. खाडीत पाणी सांगितल्या वेळी येई आणि सांगितल्या वेळी जाई, बाया टोपल्या भरून वर येत, आणि शेवंतीबाई नव्या कोयतीने तिसऱ्या फोडता फोडता गात असे,

गेलं गेलं पाणी गेलं, गाळ मागं राही बाई
पावलांच्या ठशामंदी, दर्याची गं ओल राही

आणि लेक ऐकून घेई. नवी अर्जी आली की आधी नाव पाही. नाव दुसरेच असे. मग कामास लागे. ऐसे ऋतूमागून ऋतू गेले, पुलाच्या खांबांस कालवांच्या शिंपल्या चिकटल्या, संवत्सराचे नाव दोनदा पालटले.

शके एकोणीसशे पंचेचाळीस. माघ महिन्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, बाईने डबा उघडला आणि दाराशी एक अर्जी दिसली. नाव हणमंतरावांचे. काम लहानसे. खाडीच्या मुखाशी आपण सांगतो त्याहून पाणी थोडे उशिरा वळते, ते दुरुस्त करावे. आधार काय, या रकान्यात दोनच शब्द होते, स्वतः पाहिले. बाईने डबा तसाच झाकला. घरी येऊन आईस पुसले की, इतक्यात कोणी परका माणूस खाडीवर आला होता काय. शेवंतीबाई म्हणाली, होय तर, तुका सांगूक इसारलय. एक घाटावरचो माणूस आठवड्यामागे मुखाकडच्या खडकावर उभा होता. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि पाण्याकडे ऐसा पाही जैसा कोणी पाहुणा पाहतो, बसू की नको. त्याने विचारले, मावशी, पाणी कधी वळतं? हिने सांगितले, बस हय, दिसात तुका. तो बसला. जेवला नाही, उठला नाही. होड्या तोंड फिरवू लागल्या तेव्हा उठून उभा राहिला आणि, आई म्हणाली, "गो, त्याच्या डोळ्यांक पाणी इला. म्हटलंय, खारो वारो सोसणा नाय त्याका." मग गाळातून चालत पुलाकडे गेला. एकदा पुसले, तांडेलांचं घर कुठलं. हिने सांगितले, मीच तांडेलीण, पण घराक कोण नाय, माझा चेडू तालुक्याक गेला हा. यावर तो म्हणाला, असू दे, कामापुरतं विचारलं. आणि बसने गेला.

वैजयंताबाई पडवीत बसली. अर्जी उघडून काम ओळीने वाचले. बिनचूक होते. आणि शेवटच्या ओळीआधी, जेथे कोणी सहसा पाहत नाही, तेथे एक दिवा जळत होता. तो म्हणत होता, इथवर आलो.

आता दंडक ऐसा की दिवा असता दार उघडू नये. आणि दिवा विझवावा तर मोहोर उमटणार, अर्जी बंद होणार. बाईने बहुत विचार केला. पाण्यात अडकलेली आई आठवली. मग तिने ऐसे केले, जे रावांच्या अर्जीतून खाडीमुखाची दुरुस्ती तेवढी वेगळी उचलली, रावांच्याच नावाने त्याच सांजेस गडास जोडली, लोकांचा खोळंबा होऊ दिला नाही. मागे अर्जीत उरला तो एकटा दिवा. त्याखाली तिने किल्लेदारीचा शेरा लिहिला, "काम बरं आहे. एक दिवा विझवायचा राहिलाय. कोणासाठी ठेवलाय?" आणि मोहोर उचलली नाही.

शेवंतीबाईने आतून विचारले, "झाला मगे त्याचा काम?"

"काम झाला, आये."

"मगे दार लावलस?"

"नाय. उघडाच ठेवलय."

येणेप्रमाणे वर्तमान. सार इतकेच की, राज्यास राजा नाही, बायांच्या टोपल्या भरून येतात, मुखाशी पाणी जेव्हा वळते तेव्हाच वळते ऐसे मोबाइल सांगतो. माळावर मेंढरे रानोरान असतात, तेथे रेंज कधी येते कधी जाते. गडाच्या दाराशी एक अर्जी उघडी आहे, तीत दुरुस्त करण्याजोगे काही उरले नाही, आणि किल्लेदार बाई रोज नेमाने दाराशी बसते.