न बदलणारी लेन्स आणि मागे मागे जाणारा जावई

सगळं खापर माझ्या कॅमेऱ्यावर फुटलं. म्हणजे माझ्यावरच, कारण आमच्या सासुरवाडीत कॅमेरा आणि मी यांत फरक करण्याची पद्धत नाही. पण त्या दिवशी जे झालं त्यात माझी चूक असलीच तर एवढीच, की मी लेन्स न बदलणारा कॅमेरा घेतला. आणि ती चूक नव्हतीच मुळी. ते तत्त्व होतं!

दुकानदाराने काउंटरवर दोन कॅमेरे मांडले होते. दोन्ही मुठीत मावणारे आणि दोन्ही किंमत ऐकून घाम फुटेल असे. एकाची लेन्स फिरवून काढता येत होती आणि तिच्या जागी दुसरी लावता येत होती. दुसऱ्याची लेन्स म्हणजे आपल्या नाकासारखी, जन्मापासून आहे ती आहे. झूमबिम भानगड नाही. मी विचारलं, "मग लांबचं जवळ कसं आणायचं?" दुकानदार म्हणाला, "साहेब, या कॅमेऱ्यात लेन्स हलत नाही. माणूस हलतो." हे ऐकून मला एकदम पटलंच. (कचेरीत वर्षानुवर्षं साहेबांच्या पुढेमागे करण्यात माझी हयात गेली आहे. तो अनुभव पहिल्यांदाच कामी येणार होता.)

घरी आल्यावर बायकोला समजावून सांगितलं. "हे लग्नासारखं आहे बघ. एकदा बसली की जन्मभर तीच लेन्स. मग माणूस तक्रार सोडतो आणि आहे त्यात सुंदर बघायला शिकतो."

ती इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "घ्यायच्या आधी मला विचारलं असतंत, तर बदलता येणारी बरी, असंच म्हटलं असतं."

ती कॅमेऱ्याबद्दल बोलत होती, असं मी धरून चाललो आहे.

आमचे साडूभाऊ मात्र बदलत्या लेन्सचे भक्त. त्यांच्या खांद्यावरच्या बॅगेत एक कॅमेरा आणि लेन्सची पिलावळ असते. प्रत्येक लेन्सला एक टोपण पुढून आणि एक मागून. या माणसाचं अर्धं आयुष्य टोपणं काढण्यात आणि उरलेलं ती शोधण्यात गेलं आहे. माझा कॅमेरा पाहून ते हसले. "प्रसंग तशी लेन्स हवी, साडूभाऊ."

"आणि लेन्स लागेपर्यंत प्रसंग थांबतो का?" मी विचारलं.

"तुमच्यात तो मावतो का, ते बघा आधी," ते म्हणाले. या बोलण्याचा मला अजूनही राग आहे. (ते बरोबर निघालं, याचा जास्त आहे.)

आता प्रसंगाबद्दल सांगतो. माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे बायकोचे काका, हे दोघं फोटोंच्या चौकटी बनवणारे. पूर्वी दोघांचं एकच दुकान होतं. एकदा कुणाच्या तरी फोटोला चकाकणारी काच लावायची की बिनचकाकीची, यावरून वाद झाला. गिऱ्हाईक फोटो घेऊन निघून गेलं, वाद राहिला. मग एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन दुकानं झाली आणि बोलणं बंद पडलं. शहरातल्या निम्म्या घरांचे फोटो या दोघांनी चौकटीत बसवले, पण दोघं मिळून एका चौकटीत कधी बसले नाहीत.

आणि आता काका दुकान बंद करून मुलीकडे, दूर परगावी, कायमचे निघाले होते. बायकोने हे फारच मनाला लावून घेतलं. "एक फोटो हवाय मला दोघांचा," ती म्हणत होती. "नंतर कोण कुठे असेल, कुणी सांगावं?" मी लगेच म्हणालो, "माझ्यावर सोड." आमच्या संसारातली बहुतेक संकटं याच वाक्याने सुरू झाली आहेत.

काकूंनी काकांना कसंबसं तयार केलं. अट एकच, चहा, एक फोटो आणि लगेच परत.

रविवारी दुपारी सासऱ्यांच्या हॉलमध्ये मंडळी जमली. बाबा, म्हणजे सासरे, सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाला बसले. काका रांगेच्या दुसऱ्या टोकाला, खुर्चीवर. मध्ये सासूबाई, काकू, लेकी, नातवंडं असं अख्खं खानदान तटबंदीसारखं उभं. आणि दोघांमधलं टपालखातं म्हणून मी.

"जावईबापू, त्यांना सांगा, चहा गार होतोय."

"काका, चहा गार होतोय."

"त्यांना म्हणावं, मी गारच पितो."

"बाबा, ते गारच पितात."

"माहितीये मला! लहानपणापासून बघतोय!" हे बाबा माझ्यावर ओरडले. का, ते मला कळलं नाही. मी काय बिघडवलं होतं? चहासुद्धा माझा नव्हता.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. आत साडेतीन माणसं दिसली. एक पाऊल मागे आलो, पाच झाली. टीव्हीच्या टेबलाला पाठ लागली, तरी बाबा अर्धेच. साडूभाऊ गालातल्या गालात हसत म्हणाले, "थांबा, मी सगळ्यांना मावून घेणारी वाइड लेन्स लावतो. दोनच मिनिटं." आणि फतकल मारून बॅग उघडून बसले.

दोन मिनिटं! मी तत्त्वाचा माणूस. मी मागे मागे जात उघड्या दारातून बाहेर, जिन्याच्या पॅसेजमध्ये आलो. आता सगळे मावायला हवे होते. पण मी दाराबाहेर गेल्यामुळे दाराच्या चौकटीने रांगेची दोन्ही टोकं कापली. आणि टोकाला कोण, तर ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ते दोघंच!

"कडेचे दोघं आत सरका!" मी ओरडलो.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी आणखी एक पाऊल मागे गेलो. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, फोटोपुरतं सरका हो." नातवंडं पुढे जमिनीवर बसली, लेकी मागे उभ्या राहिल्या आणि दोघं भाऊ तोंडं विरुद्ध दिशांना करून एका सोफ्यावर येऊन टेकले. मधे जेमतेम एक उशी.

हे कुणामुळे झालं? लेन्स न बदलल्यामुळे! पण याची नोंद कुणीही घेतलेली नाही.

आता जमिनीवरची नातवंडं कापली जाऊ लागली. म्हणून मी आणखी मागे गेलो आणि समोरच्या घरात शिरलो. तिथे एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. ते वर्तमानपत्र वाचत होते. "या," ते म्हणाले, जणू त्यांच्याकडे लोक पाठमोरेच येतात. मग पाय वर घेऊन त्यांनी मला वाट करून दिली.

तिकडून हाक आली. "जावईबापू! शेजारच्यांना सांगा, कोपर लागतंय!"

"काका, कोपर!" मी दोन दारांपलीकडे आवाज पोचवला.

"त्यांना म्हणावं, कोपर हाताला जोडलेलं आहे! काढून कुठे ठेवू?"

"बाबा! काका विचारतात, कोपर कुठे ठेवू?"

"काय?"

"कोपर!"

तेवढ्यात पोस्टमास्तरीणबाईंनी मिक्सर सुरू केला. आता मला फक्त ओठ हलताना दिसत होते. बाबा काहीतरी सांगत होते, काका हात उडवत होते आणि टपालखातं पूर्ण बंद पडलं होतं. मी मान डोलावली आणि मागे सरकत राहिलो. जवळजवळ सगळे मावले होते. फक्त काकांचा डावा कान बाहेर राहत होता. एका कानासाठी मी आणखी एक पाऊल मागे टाकलं.

पुढचं मला बायकोकडून कळलं. मी आतल्या अंधारात दिसेनासा झालो तेव्हा बाबा थोडा वेळ मान उंचावून बघत राहिले. निरोप द्यायला कुणी नाही, म्हणून मग न राहवून ते थेट काकांकडे वळले. "अरे, हा माणूस चाललाय तरी कुठे?"

इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि ते माझ्याबद्दल!

काका म्हणाले, "मला काय विचारतोस दादा? जावई तुझा. पसंत तूच केलास."

आणि त्याच क्षणी मी पोस्टमास्तरांच्या मोरीतल्या कपडे भिजवलेल्या टबात बसलो. आवाज मिक्सरवर मात करून हॉलपर्यंत गेला.

दोघं भाऊ हसत सुटले. एकमेकांच्या खांद्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग काकांचं हसणं थांबलं तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इतक्यात नको ना जाऊस." बायको सांगते, तिने जन्मात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. मी ते पाहिलं नाही. मी टबात होतो.

निथळत परत आलो, तेव्हा ती डोळे पुसत पुढे आली. "काढलात ना हो फोटो? दोघं गळ्यात पडले, तो?"

मी साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांच्या डाव्या हातात जुनी लेन्स, उजव्या हातात नवी, दातांत टोपण आणि मांडीवर बोडका कॅमेरा. आयुष्यात प्रथमच मला या माणसाबद्दल बंधुप्रेम वाटलं.

माझ्या कॅमेऱ्यात मात्र एक फोटो आला होता. पडताना बटण दाबलं गेलं होतं. पोस्टमास्तरांच्या मोरीचं छत. इतकं स्वच्छ, इतकं रेखीव की कोळिष्टकाचा धागा न् धागा मोजावा. माझ्या मागोमाग आलेल्या पोस्टमास्तरीणबाई तो पाहून म्हणाल्या, "आधी पुसून टाका तो!"

"पण एक लक्षात घ्या," मी सर्वांना म्हणालो, "माझी लेन्स बदलती असती, तर मी मागे गेलोच नसतो, आणि मागे गेलो नसतो, तर..."

कुणाचंही लक्ष नव्हतं. दोघं भाऊ वर्षानुवर्षांचं साचलेलं बोलून घेत होते.

"लग्नातसुद्धा हा उलटाच मांडवात शिरत होता," बाबा सांगत होते.

"हो ना, मीच तर सरळ केला!" काका म्हणाले. हे साफ खोटं आहे. पण माझ्या बाजूने बोलायला कुणी आहे का तिथे?

काकांनी जाणं लांबवलं. पुढच्या रविवारी पुन्हा सगळे जमले. दोघं भाऊ शेजारी बसले, पण फोटो म्हटल्यावर दोघांनीही चेहरे असे ताठ केले, जणू स्वतःलाच चौकटीत ठोकून घेतलं आहे. त्यातच बाबा म्हणाले की फोटो आला की काच चकाकणारीच लावू. दोघांच्या माना हळूहळू विरुद्ध दिशांना वळू लागल्या. साडूभाऊ घरूनच वाइड लेन्स लावून आले होते, ते "हसा, हसा" म्हणून थकले.

बायकोने मला हळूच बाजूला घेतलं. तिच्या डोळ्यांत मला फार दिवसांनी विश्वास दिसला. माझा ऊर भरून आला. शेवटी कळली तर माझी किंमत! मी कॅमेरा बाहेर काढला आणि फुंकर मारून लेन्स पुसली.

"तुम्ही समोरच्या घरात जा," ती म्हणाली. "तसेच, मागे मागे."

"किती मागे?"

"बाईंनी टब भरून ठेवलाय." मग तिने माझ्या हातातून कॅमेरा अलगद काढून घेतला. "हा राहू दे इथेच. उगाच भिजायला नको."