सगळ्यांना मिळून एक माफी

दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत एवढंच ना, सोमवारी बोलती करतो, असं त्रिविक्रम मालकांना सांगून बसले. तेव्हा त्यांच्या पोटात इंदिरानगरच्या एका हॉटेलातलं फुकटचं बुफे जेवण होतं आणि डोक्यात सकाळभर ऐकलेलं व्याख्यान. विषय होता ‘ऑफिसातले वाद आणि निरोगी टीम’. एरवी त्रिविक्रम असली जबाबदारी अंगावर ओढवून घेणारे नव्हते. पन्नाशी उलटलेले, गुडघे कुरकुरणारे, रिटायरमेंटकडे डोळे लावून बसलेले गृहस्थ ते. पण गुलाबजाम दोन जास्त झाले होते, आणि गोड पोटी माणूस काहीही कबूल करतो.

कंपनी बेंगळूरच्या यशवंतपूरची, लहानशी. मोठमोठ्या अपार्टमेंटांच्या तळघरात सांडपाणी स्वच्छ करायचे प्लांट असतात, ते चालते ठेवायचं काम. त्रिविक्रम तिथले मॅनेजर, म्हणजे जे काम दुसरं कोणी करत नाही ते त्यांचं. आता त्यात या भांडणाची भर पडली होती.

भांडणाची मूळ जागा बेळ्ळंदूर. तिथे तळ्याकाठच्या एका टोलेजंग अपार्टमेंटात वास येतो अशी तक्रार होती. मार्केटिंगचा क्षितिज, पुण्याहून आलेला, गोरागोमटा, बोलण्यात साखर. त्याने रहिवाशांच्या कमिटीसमोर छातीठोकपणे सांगून टाकलं की पंधरा दिवसांत वास गायब. प्लांट बघणाऱ्या इंजिनिअर पवित्राला त्याने हे विचारलं नव्हतं. तिला ते कळलं कमिटीच्या सेक्रेटरीबाईंकडून, तेही चारचौघांत, पायात गमबूट असताना. पवित्रा निपाणीची. ती म्हणाली, ज्यानं शब्द दिलाय त्यालाच बोलवा, तो उतरेल टाकीत. हे क्षितिजला कळलं. झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

बोलणं बंद म्हणजे काम बंद नव्हतं, हीच तर अडचण. दोघांच्या टेबलांमध्ये फक्त झेरॉक्स मशीन, पण पवित्राला क्षितिजकडून काही हवं असलं की ती त्रिविक्रमना फोन करायची. त्रिविक्रम क्षितिजला फोन करायचे. क्षितिज उत्तर द्यायचा, ते पवित्राला तिथल्या तिथे ऐकू जायचं, आणि तरीही ते त्रिविक्रमनी पुन्हा सांगेपर्यंत ती मान वर करायची नाही. रविवारी जेवताना सुद्धा फोन. टीम निरोगी करता करता तुमचं बीपी वाढायलंय, असं घरी बायकोने सुनावलं होतं.

मालक मंजुनाथ यांनी हात झटकले होते. ती दोघं तुमच्या भाषेची, तुम्हीच बघा, म्हणाले. यात थोडी अडचण होती. त्रिविक्रमांच्या घराण्याला बेंगळूरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की त्यांची मराठी ऐकून क्षितिजला पहिले काही दिवस ते कन्नडच बोलतायत असं वाटलं होतं. पवित्राची मराठी त्याला भांडण वाटायची आणि त्याची तिला जाहिरात. एका भाषेची तीन माणसं म्हणजे ही.

तर शनिवारी त्रिविक्रमनी क्षितिजला कॅन्टीनमध्ये बसवून तयार केलं. व्याख्यानात सांगितलं होतं की माफीत ‘पण’ हा शब्द येता कामा नये. क्षितिजच्या पहिल्या प्रयत्नात तो चार वेळा आला. दुसऱ्या प्रयत्नात त्याने ‘पण’ऐवजी ‘अ‍ॅक्चुअली’ वापरला. शेवटी त्रिविक्रमनी सांगितलं, की असं करू, वासाचा विषयच काढू नकोस, म्हणजे पुन्हा वाद नको. आणि तिचं नावही घेऊ नकोस, सगळ्यांसमोर तिला अवघडल्यासारखं नको. नुसती माफी माग. स्वच्छ. गाळलेल्या पाण्यासारखी.

“सर, पण तिला कळेल ना?” क्षितिजने विचारलं.

“कळतं की. तिला नाही तर कुणाला कळणार?” त्रिविक्रम म्हणाले. या वाक्याचा त्यांना पुढे फार त्रास झाला.

सोमवारी सकाळच्या मीटिंगला सगळे जमले. मालक आले, अकाउंट्सचे हणमंतराव आले, रिसेप्शन सांभाळणारी सौम्या आली, पवित्रा कोपऱ्यातली खुर्ची धरून बसली. चहा फिरला. क्षितिज उभा राहिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, की माझ्या काही वागण्यामुळे इथल्या काही माणसांना त्रास झाला, मला त्याची जाणीव आहे, मला माफ करा. ‘पण’ आला नाही. ‘अ‍ॅक्चुअली’ आला नाही. त्रिविक्रमना वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं हिशेब आणि पंपांमध्ये घालवली, आपला खरा हात याच कामाला होता.

तेवढ्यात हणमंतराव उठले.

हणमंतराव मालकांच्या वडिलांच्या काळापासून हिशेबावर बसलेले. कोणीही पैसे मागायला आलं की उद्या या, असं सांगायची त्यांची पद्धत. त्यावरून ऑफिसात त्यांचं नाव पडलं होतं ‘नाळे बा’. कन्नडमध्ये नाळे बा म्हणजे उद्या ये. बेंगळूरात एके काळी रात्री दार ठोठावणाऱ्या भुताला परतवायला लोक दारावर हेच लिहायचे, आणि मग त्या भुताचंही तेच नाव पडलं म्हणे. हणमंतरावांना हे नाव माहीत नाही अशी सगळ्यांची समजूत होती.

हणमंतराव क्षितिजजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि भरल्या आवाजात म्हणाले की मला भूत म्हणालास त्याचं वाईट वाटलं होतं, पण तू एवढ्या मोठ्या मनाने कबूल केलंस, माझ्या मनात आता काही नाही.

क्षितिज प्रामाणिक मुलगा. तो घाईने म्हणाला, सर, ते नाव मी नाही ठेवलं, मी आलो तेव्हा ते आधीच होतं.

मग मालक हसले. मंजुनाथ स्वभावाने दिलदार, त्यांना वाटलं आपणही या माफीच्या वातावरणात भर घालावी. ते म्हणाले, अहो, ते मीच ठेवलंय, प्रेमाने, आमच्या घरीसुद्धा बायको-मुलं तुम्हाला तेच म्हणतात.

हणमंतरावांनी हात क्षितिजच्या खांद्यावरून काढला आणि जागेवर जाऊन बसले. त्यानंतर ते मालकांकडे बघेनात.

हे सावरायला सौम्या मध्ये पडली. तिचा हेतू चांगला होता. ती म्हणाली, जाऊ द्या, मी पण क्षितिजला माफ केलंय, मी दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेले होते हे त्याने सरांना सांगितलं तरी मी मनात ठेवलं नाही.

“कसली मुलाखत?” मालकांनी विचारलं.

क्षितिजने हे कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण त्यालाच ते माहीत नव्हतं. सौम्याने त्याला त्या दिवशी मेट्रो स्टेशनवर पाहिलं होतं, एवढाच काय तो पुरावा. तिचा चेहरा उतरला.

आता सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेल्या. पवित्रा शांतपणे उठली, पिशवी खांद्याला लावली आणि क्षितिजशी नाही, त्रिविक्रमांशी बोलली.

“अण्णा, हणमंतराव झाले, सौम्या झाली. माझ्या माफीला मीच रांगेत उभी राहू व्हय?”

आणि ती गेली.

सकाळी त्रिविक्रमांकडे एक भांडण होतं, दुपारपर्यंत तीन झाली. मालकांनी त्यांना बोलावून सांगितलं की हणमंतरावांना विचारा, टँकरवाल्याचा चेक तयार आहे का. मालकांची केबिन आणि हणमंतरावांचं टेबल यांमध्ये एक काचेचं दार होतं, आणि ते उघडं होतं. तरी त्रिविक्रम उठले, गेले, विचारलं. हणमंतरावांनी चष्मा न काढता उत्तर दिलं.

“त्यांना सांगा, नाळे बा.”

त्रिविक्रम परत गेले आणि चेक होतोय असं सांगितलं. मग मालकांनी त्यांना सौम्याकडे विचारायला पाठवलं की जाणार आहेस का. सौम्याने उलट निरोप दिला, की ठेवून घ्यायचंय का ते आधी विचारा. या फेऱ्यांत त्रिविक्रमांचा डबा तसाच राहिला. त्यांना व्याख्यान देणारा तो रुबाबदार माणूस आठवला. तो दुपारच्या जेवणानंतर लगेच विमानाने निघून गेला होता. आता त्याचं कारण कळलं.

त्यातच संध्याकाळी बेळ्ळंदूरला जायचं होतं. त्याच अपार्टमेंटाच्या कमिटीने बोलावलं होतं, करार पुढे चालवायचा की मोडायचा हे ठरवायला. तो करार गेला तर कंपनीतली दोन-तीन माणसं तरी कमी करावी लागणार होती, हे फक्त मालकांना आणि त्रिविक्रमना माहीत होतं. कमिटीची अट होती की शब्द देणारा आणि प्लांट बघणारी दोघं आली पाहिजेत.

गाडी एकच. चालवायला देवाप्पा. पुढच्या सीटवर त्याने पाण्याच्या नमुन्यांचे कॅन बांधले होते आणि ते सोडायला तो तयार नव्हता. मागे क्षितिज एका खिडकीला, पवित्रा दुसऱ्या खिडकीला. उरली मधली जागा, तिथे त्रिविक्रम, गुडघे छातीशी घेऊन.

हेब्बाळच्या पुलावर गाड्या थबकल्या तेव्हा क्षितिज खिडकीबाहेर बघत म्हणाला की सर, जरा विचारा, नवा ब्लोअर बसायला किती दिवस लागतील. टाकीत हवा सोडणारं ते यंत्र कुरकुरत होतं आणि वासाचं एक कारण ते होतं. पवित्रा दुसऱ्या खिडकीबाहेर बघत म्हणाली की अण्णा, त्यांना सांगा, हे शब्द द्यायच्या आधी विचारायचं असतंय. त्रिविक्रमनी दोन्ही वाक्यं इमानदारीने इकडून तिकडे पोचवली. शेवटी ते म्हणाले, “सरी, बरं तर, मी स्वल्प डोळे मिटतो. काही महत्त्वाचं असलं तर उठवा.” आणि मिटले. पोटात अन्न नव्हतं, डोक्यात आवाज फार होते. ते गाढ झोपले.

पुढचं त्यांना देवाप्पाने नंतर सांगितलं.

मारथहळ्ळीच्या अलीकडे क्षितिजला सेक्रेटरी प्रियदर्शनीबाईंचा फोन आला. कमिटी जमली आहे, बाईंनी विचारलं, सरळ सांगा, वास कधी जाणार. क्षितिजने एक मिनिट म्हणून फोन हाताने झाकला आणि सवयीने त्रिविक्रमांकडे वळला. त्रिविक्रमांचं तोंड उघडं होतं आणि डोकं पवित्राच्या खांद्यावर. त्याने एकदा हाक मारली. मग दंडाला धरून हलवलं. उपयोग झाला नाही. फोनमध्ये बाई हॅलो हॅलो करत होत्या.

“पवित्रा,” क्षितिज म्हणाला, “काय सांगू?”

पवित्राने त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते हे दोनच शब्द होते. माफी तिला नकोच होती, पण तिला हवं काय हे कुणी विचारलंच नव्हतं.

“खरं सांग,” ती म्हणाली. “ब्लोअर बदलायचा, मग महिना लागतोय. आणि अर्धा वास तळ्याचा हाय, तो आपल्या हातात नाही.”

क्षितिजने तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. पलीकडे बाई म्हणाल्या की तळ्याचं मलाही वाटत होतंच, या आणि कमिटीला हेच सांगा. त्या दिवशी करार सहा महिन्यांपुरता वाढला, पण ते नंतरचं.

त्रिविक्रम जागे झाले ते आवाजाने. आपल्या नाकासमोरून काहीतरी इकडून तिकडे जातंय असं त्यांना वाटलं. दोघं भांडत होती. जोरात, हातवारे करत, पण एकमेकांशी. पाइप केवढा घ्यायचा, कमिटीत आधी कोणी बोलायचं, गमबूट क्षितिजच्या पायाला होतील का. त्रिविक्रमनी घाईने फोन काढला. मालकांचे सात कॉल येऊन गेले होते. खाली मेसेज होता, की हणमंतरावांना समजवायला तुम्हाला बोलावणार होतो, तुम्ही उचलला नाही म्हणून मीच गेलो, आता आम्ही मसाला दोसा खातोय, सौम्या पण आहे, ती राहतेय, तुम्ही काही करू नका.

तरीही माणसाला आपलं कर्तव्य असतं. त्रिविक्रमनी घसा साफ केला, थोडे पुढे सरकले आणि सुरुवात केली, की हे बघा मुलांनो, टीम म्हणजे काय असते.

दोघं थांबली. पवित्राने फार आदराने विचारलं.

“अण्णा, जरा मागं टेकून बसता काय? मला क्षितिज दिसंना झालाय.”

त्रिविक्रम मागे टेकले. देवाप्पाने आरशातून पाहिलं आणि म्हणाला, पुढे अजून पुष्कळ ट्रॅफिक आहे सर, खुशाल झोपा.