लाल गालिच्यावरचं पोटेन्शियल

"पोटेन्शियल? अगं आत्या, ते तर माझ्या डाव्या हातचा मळ!" असं तडतडीने ठणकावून सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच डाव्या हाताने तिचा घात केला!

तडतडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर जे होतं ना, ते तिला कोणी नुसतं "जरा ऐक" म्हटलं तरी व्हायचं. वर्गात मास्तरांनी विचारलं होतं, "तुझ्या डोक्यात भरलंय तरी काय?" तर ही म्हणाली, "तुम्ही भरलंत तेच!" दप्तर उचललं आणि जी निघाली ती थेट आत्याच्या लाँड्रीत. तेव्हापासून लोकांच्या कोटांवरचे डाग शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोणाच्या बाहीवर शाई, कोणाच्या कॉलरवर कसली लाली, लांबूनच ओळखायची आणि मोठ्याने सांगायची. त्यापायी दोन गिऱ्हाइकांच्या घरी भांडणं झाली, ती गोष्ट वेगळी.

घरच्यांनी महिनाभर आरडाओरडा केला. शेवटी आत्याने तोडगा काढला. "बाहेरून परीक्षेला बस. पास झालीस तर जन्मात शाळेचं नाव काढणार नाही. नापास झालीस तर परत वर्गात! आणि तेसुद्धा तुझ्या धाकट्या भावाच्या बाकावर!"

धाकटा भाऊ त्या दिवसापासून बाकावर हिच्यासाठी जागा पुसून ठेवायला लागला. असला नग!

तडतडीने दात-ओठ खाऊन अभ्यास केला. लेखी परीक्षा पार पडली. राहिली फक्त विज्ञानाची तोंडी परीक्षा, आणि तीत म्हणे हमखास विचारतात पोटेन्शियल. पुस्तकात त्याला म्हणायचे विभव. व्याख्या अशी, की एकक धनप्रभार अनंत अंतरावरून एखाद्या बिंदूपाशी आणायला जेवढं कार्य करावं लागतं, ते त्या बिंदूचं विभव.

"अनंत अंतरावरून?" तडतडी पुस्तकावर खेकसली. "इथे पलीकडच्या गल्लीतला माणूस महिना महिना आपला कोट न्यायला येत नाही!"

पण पोरगी हुशार. तिने सगळं लाँड्रीत बसवलं. दुकानात छताजवळ एक लांब दांडी होती. धुतलेले कपडे काठीने वर चढवून तिथे टांगायचे. चढवायला जोर लागायचा. म्हणजे ते झालं कार्य. दांडी जितकी उंच, तितकं पोटेन्शियल जास्त. आणि कपडा खालून वर न जाता आपल्या आपण वरून खालीच का पडतो? कारण फरक आहे! उंचीत फरक नसेल तर काहीच हलत नाही. विजेच्या तारेवर चिमणी मजेत बसते, कारण तिचे दोन्ही पाय सारख्याच पोटेन्शियलला. फरक नाही, तर झटका नाही. संपला विषय!

"आत्या, ऐक," ती म्हणाली, "रुमाल टांगला काय किंवा रजई टांगली काय, दांडीची उंची तीच. उंची दांडीची असते, कपड्याची नाही!"

आत्या म्हणाली, "उंची राहू दे, ती रजई नीट टांग. मघाशी माझ्या डोक्यावर पडली, मान अजून वळत नाहीये."

हे वाक्य तडतडीने लक्षात ठेवायला हवं होतं. पण लक्षात ठेवेल ती तडतडी कसली!

आता त्या आठवड्यात आत्याने एक उद्योग करून ठेवला होता. समोर नवी लाँड्री निघाली, काचेची, चकचकीत. आत्याच्या पोटात दुखलं. तिने दारापासून काउंटरपर्यंत लाल गालिचा अंथरला. नायलॉनचा, केसाळ, एखादं लाल अस्वल पालथं झोपावं तसा. त्यात हवा कोरडी ठण्ण, ओठ फुटायचे. लोक रबरी चपला घासत गालिच्यावरून यायचे, लोखंडी हँगरला हात लावायचे आणि…

"आई गं!"

दर दहा मिनिटांनी एक "आई गं!" समोरच्या लाँड्रीवाल्याने गल्लीभर सांगितलं, की त्यांच्या दुकानात करंट उतरलाय. आत्याने वायरमनला बोलावलं. त्याने भिंतीला टेस्टर लावला, रॅकला लावला, काउंटरला लावला, शेवटी आत्याच्या बांगडीला लावला.

"करंट नाही," तो म्हणाला, आणि निघताना त्याने दाराच्या लोखंडी कडीला हात घातला. "आई गं!"

तो पुन्हा आला नाही.

"गालिचा काढ," तडतडी म्हणाली.

"माझं मढं काढल्यावर!" आत्या म्हणाली.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी दुकानात ही रांग लागली. पुढे नर्सबाई, मागे बसचा ड्रायव्हर, त्याच्यामागे जुळी मुलं घेऊन एक आई, आणि अगदी शेवटी दाराजवळ मफलर गुंडाळलेले एक म्हातारबुवा. सगळे थंडीने गालिच्यावर पाय घासत उभे. ड्रायव्हरने खिशातून पावती काढली आणि त्याचं कोपर नर्सबाईंना लागलं.

चट्!

"चिमटा काढता?" नर्सबाई गर्रकन वळल्या.

"मी? बाई, माझे दोन्ही हात वर आहेत!"

"म्हणजे कोपराने काढलात!"

"कोपराने चिमटा काढता आला असता तर मी सर्कशीत नसतो का गेलो?"

जुळ्यांना खेळच सापडला. एकमेकांच्या नाकाला बोट लावून चट् चट् करायला लागले. आई ओरडली, ड्रायव्हर ओरडला, नर्सबाईंनी छत्री उगारली. समोरचा लाँड्रीवाला आपल्या दारात येऊन हसत उभा! ते पाहून तडतडीचं डोकं सटकलं. ती काउंटरवर चढली.

"गप्प बसा सगळे! कोणी चिमटा काढलेला नाही. हा पोटेन्शियलचा फरक आहे!"

मफलरवाल्यांनी मफलर जरा कानावरून सरकवला.

"तुम्ही प्रत्येकजण गालिच्यावर पाय घासून वेगवेगळ्या पोटेन्शियलला चढलाय. एकमेकांना शिवलात की झटका. सगळे एकाच पोटेन्शियलला आलात की फरक नाही, झटका नाही. तारेवरच्या चिमणीसारखं! तेव्हा सगळ्यांनी एकमेकांचे हात धरा."

"ह्यांचा?" नर्सबाई म्हणाल्या.

"माझी बायको याच रस्त्याने भाजी आणायला जाते," ड्रायव्हर म्हणाला.

तडतडीने मागच्या ढिगातले तारेचे हँगर ओढले. "हात नका धरू, हँगर धरा! एक टोक तुम्ही, एक टोक तुमच्या मागच्याने. लोखंडच आहे, चालेल!"

आणि खरंच सांगते, चाललं! आधी जरा टिच टिच झालं, मग सगळं शांत. पुढे काउंटरवरच उभी तडतडी डाव्या हातात हँगर धरून, मग नर्सबाई, ड्रायव्हर, आई, जुळे, शेवटी मफलरवाले. हँगरची अशी साखळी, की बघणाऱ्याला वाटावं, धुतलेली माणसंच वाळत घातलीत! ड्रायव्हरने मुद्दाम नर्सबाईंच्या खांद्याला बोट लावून पाहिलं. काही नाही!

"अगं बाई, खरंच की!" नर्सबाई म्हणाल्या.

"शाबास!" मफलरवाले शेवटून म्हणाले. "चिमणीचं उदाहरण छान दिलंस."

तडतडीची छाती अशी फुगली, की हँगर वाकला. आत्या आतून नर्सबाईंचा एकेक कपडा आणायची, तडतडी उजव्या हाताने द्यायची, आणि आख्खी साखळी गालिच्यावरून खर्र खर्र पाय घासत इंचाइंचाने पुढे सरकायची. जुळे तर जागच्या जागी घसरगुंडी खेळत होते. जो तो घासत होता, आणि सगळे मिळून वर वर चढत होते. पण एकमेकांत फरक नाही, तर कळणार कोणाला?

तेवढ्यात आत्या आतून ओरडली, "अहो, कोणी शेवटी असेल त्यांनी ते दार ओढा! सगळी थंडी आत येतेय!"

शेवटी होते मफलरवाले. सभ्य माणूस. त्यांनी मोकळा हात दाराच्या लोखंडी कडीकडे नेला.

तडतडीच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. माणसामाणसांत फरक नाही हो, पण दारात आणि माणसांत? दार तर जमिनीच्याच पोटेन्शियलला!

"आजोबाऽऽ! थांबाऽऽ!"

फट्टाक्!

ठिणगी कसली, फटाकाच! मफलरवाले जागचे उडाले ते ड्रायव्हरच्या अंगावर. ड्रायव्हर नर्सबाईंवर, नर्सबाई तडतडीवर. जुळे मध्येच कुठेतरी टाळ्या वाजवत होते. आणि तडतडीने डाव्या हातातला हँगर सोडला असता तर निभावलं असतं. पण नाही! तो पडता पडता वरच्या दांडीत अडकला, तिने लोंबकळून खेचला, आणि दांडी आख्ख्या गावाच्या रजयांसकट खाली आली.

जरा वेळाने एका रजईखालून मफलर बाहेर आला. त्याच्यामागून म्हातारबुवा. चष्मा एका कानावर.

"मुली," ते बोट चोखत म्हणाले, "आपण सगळे एकाच पोटेन्शियलला होतो ना?"

"हो!"

"आठवडाभर कोटासाठी तुमच्याकडे येतोय. रोजचा झटका मुंगीचा. आज हत्तीचा का?"

असा प्रश्न विचारला असता तर दुसरं कोणी रडलं असतं. पण तडतडीला राग आला होता. दारावर, दांडीवर, स्वतःवर.

"का म्हणजे? उंची तीच असली तरी रुमाल पडणं वेगळं आणि रजई पडणं वेगळं! रोज तुम्ही एकटे असता, म्हणजे रुमाल. आज आमचा सगळ्यांचा प्रभार तुमच्या एका बोटातून खाली उतरला. आणि जुळ्यांनी घासून घासून दांडीही वर नेली होती! आख्खा रजयांचा गठ्ठाच पडला तुमच्यावर! एवढंही कळत नाही?"

आत्याने कपाळावर हात मारला. म्हातारबुवांनी चष्मा सरळ केला आणि तडतडीकडे नीट पाहिलं.

"कळतं," ते म्हणाले. "मी विज्ञानच शिकवलं आयुष्यभर. उद्या तोंडी परीक्षा घ्यायला जायचंय, म्हणून कोट न्यायला आलो होतो."

तडतडीला वाटलं, उरलेल्या रजयाही आपल्याच अंगावर पडाव्यात.

दुसऱ्या दिवशी ती परीक्षेच्या खोलीत शिरली. कोट घातलेले म्हातारबुवा टेबलामागे बसले होते. एका बोटाला पट्टी. ती नमस्कार करायला पुढे झाली, तर ते खुर्चीसकट मागे सरकले.

"तिथेच! दारातूनच बोल! गालिच्यावरून आलीस का?"

"नाही, पायरीवरून."

"मग एकच विचारतो. विभव म्हणजे काय?"

तिने दांडी सांगितली, काठी सांगितली, रुमाल आणि रजई सांगितली. अनंत अंतरापर्यंत पोचायच्या आधीच ते म्हणाले, "पुरे! पास!"

तडतडी जी उड्या मारत निघाली ती दुकानाच्या दारातच थबकली. म्हातारबुवा रिक्षाने तिच्या आधी पोचले होते आणि काउंटरवर वाकून आत्याशी बोलत होते. आत्याचे डोळे पाणावलेले.

"अगं, सर म्हणतात, अशी पोर वीस वर्षांत पाहिली नाही! तुला पुढे विज्ञानालाच घालायचं म्हणतात!"

"आत्या! तू शब्द दिलास! पास झाले तर शाळेचं नाव काढणार नाहीस!"

"मग काढलंय का?" आत्या डोळे पुसत म्हणाली. "कॉलेज म्हणतेय मी."

कॉलेजच्या पुस्तकाचा पहिलाच धडा उघडला तर निघालं विभव. परत तीच व्याख्या, अनंत अंतरावरून आणायला केलेलं कार्य. या वेळी मात्र तडतडी पुस्तकावर खेकसली नाही. शाळेपासून अनंत अंतरावर पळालेल्या एका पोरीला परत बाकापर्यंत आणायला काय काय करावं लागतं, ते तिला कोणी समजावून सांगायची गरजच उरली नव्हती!