आनमारीबायची दुपार

जेवून आडव्या झालेल्या माणसाच्या कानाशी जर्मनचं ताट बडवणाऱ्या बाईला काय म्हणावं? मी पुष्कळ काही म्हटलं आहे. त्यातलं छापण्यासारखं एकही नाही.

रेडीत खाडीच्या काठाला आमची वाडी. आमच्या घराला लागून आनमारीबायचं घर, मधे फक्त एक गडगा. मी तेव्हा बंदरावर होतो, लोखंडाची माती गलबतात भरायच्या कामावर. उजाडायच्या आधी घर सोडायचं, मध्यान्हीला परत यायचं, अंगावरची लाल धूळ धुवायची, बांगड्याचं तिखलं आणि भात चापायचा आणि ओटीवर अंग टाकायचं. एवढंच काय ते सुख. डोळा लागतो न लागतो तोच ढण् ढण् ढण्! काळं लुगडं नेसलेली आनमारीबाय आमच्या ओटीसमोरच्या खळ्यात उभी. एका हातात ताट, दुसऱ्यात करवंटीचा डाव.

"उठ रे बाबल्या! रेड्यासारखो निजतंस काय? जागो रव!"

बाय साठीची, विधवा, मूलबाळ नाही. वाडीत किरिस्तावांची घरं मोजकीच. संध्याकाळी ती सगळी तिच्या दारातल्या खुरसाशी, त्या पांढऱ्या क्रुसाशी, तेर्स म्हणायला जमत, म्हणजे माळेची प्रार्थना. त्यात पुढारपण बायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ज्याचा देव त्याला लखलाभ. पण दुपारी ही बाई हिंदू, किरिस्ताव, कुत्री, मांजरं, कुणालाच सोडत नसे. तातू सुतार तिला चुकवायला माळ्यावर जाऊन निजायला लागला. तिनं शिडी काढून नेली! दिवेलागणीपर्यंत तातू वरून बोंबलत होता.

माझ्या आईनं तिला एकदा अशा सणसणीत शिव्या घातल्या की गडग्यावरचा कोंबडा उडाला. बाय ढिम्म. वाडी जागी झाली की ती ताट बाजूला ठेवायची, माळ काढायची आणि पायरीवर बसून आमच्या तोंडाकडे टक लावून बघायची. आम्ही आपसात जरा कुजबुजलो की खवळायची. "गप! जागे रवा आणि गप रवा!" आता जागं राहायचं, वर बोलायचंही नाही, मग माणसानं करायचं तरी काय? माशा मारायच्या?

तिचा सगळ्यात मोठा राग सां पेद्रूवर, येशूच्या शेवटच्या रात्री झोपून गेलेल्या त्या शिष्यावर. पाद्रीबाबाच्या प्रवचनात ऐकलेली ती गोष्ट ती अशी सांगायची, जणू काल खालच्या वाडीत घडली आहे.

"जेजूक धरून नेतले, मारतले, ता तेका ठाऊक. काय मागल्यान तेनी? सोना मागल्यान? एक घडी माझ्यावांगडा जागे रवा म्हणान सांगल्यान! तेवढांसुद्धा त्या दाढयेवाल्यांका जमला नाय. आणि तो पेद्रू! घोरता!"

मी एकदा ओरडून म्हटलं, "गे बाय, मासे मारणारे ते. दिसभर जाळी ओढून दमले असतले."

"दमलंय म्हणान मरणाच्या घराकडे कोण निजता रे, मेल्या?"

मी कूस वळवून चादर डोक्यावर ओढली.

त्या वर्षांत गोव्याची हद्द बंद होती. खाडीपलीकडे फिरंग्यांचं राज्य. बापजाद्यांपासून आमची माणसं होडीत बसून पलीकडे बाजाराला, लग्नाला, बारशाला जायची. कुठे दूर मोठ्या माणसांचं बिनसलं आणि आमच्या सोयरिकी मधोमध चिरल्या गेल्या. समोर घराची कौलं दिसतात, चुलीचा धूर दिसतो आणि जाता येत नाही! आग लागो असल्या हद्दीला. बायची थोरली बहीण इनेस तिकडेच दिलेली. ती अंथरुणाला खिळली एवढाच शेवटचा निरोप आला होता. नंतर निरोपही आटले. बाय त्यावर चकार शब्द काढत नसे.

वैशाखातली एक दुपार. रात्रपाळी करून मी आलो होतो, डोळ्यांत नुसती वाळू. ढण् ढण् सुरू झालं आणि माझं डोकंच फिरलं. उठलो, तिच्या हातातलं ताट हिसकावलं आणि गडग्यापलीकडे भिरकावून दिलं.

आणि त्या शांततेत खाडीपलीकडच्या कपेलीची, त्यांच्या लहान चर्चची, घंटा ऐकू आली. ठण्. मग बराच वेळ काही नाही. मग परत, ठण्.

माझी मान तिकडे वळली. बायनं माझं मनगट धरलं.

"काय आयकलंस? सांग माका! काय आयकलंस?"

"घंटा गे. वाजता नाय ती? तुका आयकाक येना नाय?"

"कशी वाजता? बेगीन काय सावकाश?"

"सावकाश."

सकाळ-संध्याकाळची घंटा प्रार्थनेची. भर दुपारी, इतकी संथ, ती माणूस गेल्याची. हे आमच्या काठालाही ठाऊक.

"इनेस," ती म्हणाली. "थंय मरणाक टेकलेली ती एकटीच."

म्हणजे ही बाई बहिरी होती! तोंडासमोर ओरडलेलं तिला कळायचं, आणि आम्ही सगळे तिच्यावर सदा ओरडतच असू, मग कुणाला कळणार? तेर्सचं पुढारपण जाईल म्हणून तिनं ते लपवलं होतं. सकाळ-संध्याकाळ वाडीत कुणी ना कुणी घंटा ऐकतंच. दुपारी वाडी घोरते. तिला आमची बडबड नको होती, कान हवे होते; घंटा झाली की ती ते आमच्या तोंडावर वाचणार होती. बहिणीचा जीव जाताना आपण प्रार्थनेविना राहू नये, एवढंच तिचं मागणं. मला राग आला, तिचा, हद्दीचा, सगळ्या जगाचा.

ती तडक खाडीवर गेली आणि होड्या लागायच्या तरीवर चिखलात गुडघे टेकले. मी मागोमाग. पहाऱ्यावरचा घाटी शिपाई धावत आला.

"मावशी, इथं थांबायची परवानगी नाही. उठा. ऐकू येत नाही का?"

"नाय येना," बाय म्हणाली. चारचौघांत, पहिल्यांदाच. मग माझ्याकडे वळली. "बाबल्या, तू आयक. घंटा वाजता तवसर तिचो जीव वाटेर आसा. थांबली काय माका सांग. तवसर माका तिच्यावांगडा रवाचा आसा."

आणि तिनं डोळे मिटून कोकणीत प्रार्थना सुरू केली, इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या काठालाही जावी. शिपायानं मला हळूच काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. त्यानं लाठी खाली ठेवली.

थोड्या वेळानं घंटा थांबली. मी शिपायाकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. पाणी तेवढं काठाला लागत होतं.

बायनं डोळे उघडले. "वाजता रे अजून?"

माझ्या आधी शिपायानंच होकाराची मान हलवली. वाजते आहे म्हणून.

तिनं परत डोळे मिटले आणि माळेचा पुढचा मणी धरला.