नानखटाईखालचं प्रकरण

धरणगावच्या एका लग्नात, मठ्ठ्याचा दुसरा ग्लास संपवता संपवता, लीलाधरमामा भाचीचं कौतुक करून बसले: "पोरगी एका हाताने बेकिंग करते. दुसऱ्या हातात जुनी कादंबरी."

भूमिकाच्या दोन्ही हातांत मोबाईल असायचा. पण त्याच पंगतीत बसलेल्या, धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या सुमनताईंना हे कोण सांगणार? त्यांचा मुलगा लग्नाचा होता. त्यांनी फोन केला. "रविवारी येतो. पोहे-बिहे नकोत. भूमिकाच्या हातचं भाजलेलं काहीतरी आणि तिच्या आवडत्या कादंबरीवर गप्पा. बस्स."

इकडे जळगावात, मेहरूणच्या घरात भूमिकाची आई, कामिनी, "हो, या" म्हणून बसली. एरवी तिने खरं सांगून टाकलं असतं. पण आजवर आलेल्या प्रत्येक स्थळाला 'नको' म्हणणारी भूमिका या तेजसचा फोटो पाहून म्हणाली होती, "येऊ दे."

येऊ दे. हे दोन शब्द कामिनीला वाया घालवायचे नव्हते. तिने भावाला फोन लावला.

"भाऊ, घरात ओव्हन नाही. कादंबरी नाही."

"मग आण ना! सगळं मीच करू का?" मामा म्हणाले.

आणलं. वाचनालयातली सगळ्यात जुनी, थोर समजली जाणारी कादंबरी. शिवण उसवलेली, शेवटचं प्रकरण सुटं होऊन नुसतं आत खोचलेलं. आणि बेकिंगसाठी बेकरीवाल्या सुकदेवची भट्टी. तिथे मैदा आपला, तूप आपलं, ट्रेवर अंथरायचा कागदही आपलाच. सुकदेवची फक्त आच.

शनिवारी भूमिका भट्टीवर गेली. नंबर यायला वेळ लागतो म्हणून कादंबरी सोबत; सुटं प्रकरण पडू नये म्हणून पिशवीत. वाचता वाचता ती अशी रंगली की सुकदेवने पिशवीत हात घातला, कागद काढले, ट्रे लावले, हे तिला दिसलंच नाही. अंथरायचे पेपर घरी टेबलावर राहिले होते, हेही तिला आठवलं नाही.

रविवारी पाहुणे बाहेर बसले, आणि भूमिका स्वयंपाकघरात पांढरीफटक पडली.

"आई, शेवटचं प्रकरण नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे पुस्तकात नाहीये."

कामिनीने सुकदेवला फोन केला.

"पिशवीमा सुट्टा कागद व्हतात ना, ताई. माले वाटनं, ट्रेकरताच दिधात," तो म्हणाला. "बठ्ठा डब्बामाच शेतस. घाबरू नका."

पानं सगळी डब्यातच होती, आणि घाबरण्याचं खरं कारण म्हणजे तो डबा बाहेर होता. आणि भूमिकाचे वडील, हेमराज, तो पाहुण्यांपुढे कौतुकाने उघडत होते.

"हे काय?" तेजसने विचारलं. त्याने उचललेल्या नानखटाईला कागद चिकटला होता. तुपाने अक्षरं उलट जास्तच ठळक झाली होती. तो मोठ्याने वाचू लागला.

"बारा वर्षांनी तो वेशीपाशी आला, तेव्हा तिच्या घरात…"

"घरात काय?" सुमनताई पुढे सरकल्या.

"पुढे नानखटाई आहे."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भूमिका बाहेर आली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली: मामा, भट्टी, पिशवी, कागद. कामिनीने डोळे मिटून घेतले. गेलं स्थळ.

मग सुमनताईंनी चष्मा काढून पुसला.

"लीलाधरभाऊंनी मला सांगितलं, त्या घरात कादंबरीशिवाय दुसरा विषयच नसतो. परवा तुमच्याकडून कादंबरीचं नाव कळलं. तेव्हापासून मी तीच वाचतेय, हो! आयुष्यात कधी एवढं वाचलं नव्हतं. बसमध्येही वाचत आले. पण रस्ता आता इतका चांगला झालाय की शेवटाच्या आधीच जळगाव आलं. उतरायच्या घाईत पुस्तक सीटवरच राहिलं." त्यांनी डबा जवळ ओढला. "तिने त्याला दार उघडलं की नाही?"

"मी पण तिथपर्यंतच आलेय," भूमिका म्हणाली.

"मोबाईलवर बघा ना," हेमराज म्हणाले.

"बारा वर्षं ती थांबली, आणि तुम्ही मोबाईलवर बघणार?" सुमनताई म्हणाल्या.

मग वाचन सुरू झालं. नानखटाई कागदावरून सोडवली की तुटायची. तुटलेली परत ठेवणं बरं दिसेना, म्हणून खावी लागायची.

*तिच्या घरात दिवा*

(हेमराजांनी खाल्ली.)

*होता. तो अंगणात आला. म्हणाला, मी*

(सुमनताईंनी खाल्ली. "तूप चांगलंय.")

*आलोय. आतून कडीचा आवाज*

(ही तेजस आणि भूमिकाने अर्धी अर्धी.)

*झाला, आणि*

कागद संपला. डबा संपला. सगळ्यांची पोटं तुडुंब, आणि ती बाई अजून दाराआड.

"शेवटचं पान भट्टीवर राहिलं असेल," भूमिका म्हणाली. "बघून येते."

"एकटी कशाला?" तेजस उभा राहिला. "मी येतो ना."

भट्टी दोन गल्ल्या पलीकडे होती. दोघं गेली. चहा झाला. दुसरा चहा झाला. सुमनताईंनी कामिनीला नानखटाईत तुपाचं प्रमाण विचारलं, मग साखरेचं, मग भूमिकाच्या स्वभावाचं. ऊन उतरलं तेव्हा कुठे दोघं परत आली, कशावर तरी हसत.

"मिळालं का पान?"

"नाही," दोघं एकदम म्हणाली.

तेजसच्या शर्टाच्या खिशावर तुपाचा डाग पसरत होता. आत घडी घातलेल्या कागदाचा तेलकट कोपरा स्पष्ट दिसत होता.

हेमराज बोट दाखवून म्हणाले, "अरे, मग ते खिशात—"

"हेमराजभाऊ, पाणी देता का जरा?" सुमनताई म्हणाल्या.

"अहो, आतून माठातलं आणा," कामिनी त्याच क्षणी म्हणाली. मग तिने तेजसकडे पाहिलं. "भट्टी पुढच्या रविवारीही चालू असते. नीट शोधावं लागेल."