तीनवार कोण म्हणणार?

अगो, जरा जवळ ये. मालवणात येतेस, मासे खातेस आणि आमच्या भिकूभावजींना न भेटताच परत जातेस, हे शोभतं का तुला?

भावजी माझे शेजारी. चाळीस वर्षं किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारला त्यांनी, त्यामुळे ठरीव किंमत म्हटली की त्यांना अपमान वाटतो. एसटीत कंडक्टरने दहा रुपये सांगितले, की हे उभे राहून पुकारणार, "धा एकवार, धा दोनवार…" एकदा मागून धामापूरचा कोणी "बारा" म्हणाला. भावजी त्याला आपली जागा देऊन खाली उतरले आणि दोन मैल चालत घरी आले. खुशीत.

मग बाजारात नेट कॅफे निघालं. पुण्याची लेक म्हणाली, बाबा, जुनं सामान इंटरनेटवर विकून टाका. कॅफेवालीने आदाळ्याचा, म्हणजे मासे कापायच्या विळीचा, फोटो काढून दीडशे रुपये किंमत टाकली. भावजी तापले.

"पारूच्या आदाळ्याक भाव ठरवणारी तू कोण? लिलाव लाव."

पारू त्यांची बायको, माझी मैत्रीण. मासे विकायची, आणि ते घ्यायची नवऱ्याच्याच लिलावात. भावजी 'दोनवार' म्हणून थांबले की हिचा आवाज चढलाच. 'तीनवार' तिने त्यांना सुखाने कधी म्हणू दिलं नाही. जाऊन तीन वर्षं झाली तिला.

लिलावाच्या शेवटच्या दिवशी भावजी इस्त्रीचा सदरा घालून कॅफेत गेले, मला सोबत घेऊन. नाशिकच्या एका बाईंनी चारशे लावले होते. भावजी कॉम्प्युटरपुढे उभे राहिले आणि असे पुकारले, की शेजारी रेल्वेचं तिकीट काढणारे मास्तर खुर्चीवरून पडता पडता वाचले.

"चारशे एकवार. चारशे दोनवार."

आणि थांबले. पडद्यावरची वेळ सरली, आदाळो विकला गेला.

"मी तीनवार म्हणूक नाय," भावजी म्हणाले. "लिलाव संपलो कसो?"

तेच त्यांनी कॅफेवालीकडून नाशिकला लिहवून घेतलं. बाई भली. उत्तर आलं, तुमचं तीनवार होईपर्यंत मी थांबते.

तेव्हापासून रोज दुपारी भावजी पडवीत आदाळो पुढ्यात घेऊन पुकारतात. दोनवारपर्यंत येतात आणि मान वळवून रांधपाच्या खोलीकडे बघत राहतात. एकदा मला राहवेना. कुंपणाअलीकडून मीच "साडेचारशे" म्हटलं. त्या दिवशी त्यांनी बांगडे आणले, त्याच आदाळ्यावर कापले आणि अर्धे मला पाठवले.

पण माझ्या एकटीचा आवाज किती दिवस पुरणार गो? तू ये. फार उशीर लावू नको. जेवायला माझ्याकडे, पण आधी त्यांच्या पडवीत जा आणि मोठ्यानं पाचशे म्हण.