आण्णांचे शाकाहारी पक्षी

आमच्या शेजारच्या आण्णांनी काढलेल्या फोटोंतला एकही पक्षी मांसाहार करत नाही. खंड्या पाण्यातून सूर मारून वर येतो तो रिकाम्या चोचीने. वेडा राघू फुललेल्या पांगाऱ्यावर बसून चोच उघडतो, पण त्या चोचीत काही नसतं. कोतवालाचीही तीच गत. पाहणाऱ्याला वाटावं, सांगली जिल्ह्यातले सगळे पक्षी एकतर गात आहेत, नाहीतर दाताच्या डॉक्टरांपुढे बसले आहेत.

खरं म्हणजे त्या प्रत्येक चोचीत मासा, माशी, नाकतोडा असं काहीतरी होतं. ते आण्णांनी नंतर संगणकावर पुसलं. अधिक नेमकं सांगायचं, तर माझ्याकडून पुसून घेतलं. मुलांनो, तुम्ही फोनवर विचारता ना, "आजी, तू दिवसभर करतेस काय?" तर हे करते.

क्रमाने सांगते. आण्णा जैन आहेत आणि त्यांचा सगळा जन्म मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात गेला. दुकान मुलाच्या हाती दिल्यावर त्यांनी गळ्यात कॅमेरा अडकवला. फोटो काढायला ते आपले आपण शिकले, पण फोटो सुधारण्याचा प्रोग्रॅम निघाला इंग्रजीत. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. तेवढ्यावर आण्णांनी ठरवून टाकलं की ते खातं माझं.

"बाई, त्यो संगणक इंग्रजी बोलतोय. तुमीच त्येला समजून घ्या," असं म्हणून ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, आणि तुमच्या बाबाने मला दिलेल्या लॅपटॉपसमोर खुर्ची ओढून बसले. ती खुर्ची अजून तिथेच आहे.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "आण्णा, ही माशी त्या पक्ष्याने तेव्हाच खाल्ली. आता फोटोतून काढून तिला काय उपयोग?"

ते म्हणाले, "बाई, एकदा मेली ती मेली. पर भिंतीवर टांगून तिला रोज कशाला मारायची?"

कॉलेजात मी वर्षानुवर्षं वादविवाद स्पर्धांची परीक्षक होते. मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या पत्नी सुनंदाताईंना मात्र सगळ्यावर उत्तर असतं. त्या दारातूनच म्हणाल्या, "आवं, फोटोतली माशी काढली म्हंजे पोटातली निघाली व्हय?"

आण्णा डोंगरात फोटो काढायला जातात तो सोहळा मी एकदा मुद्दाम जाऊन पाहिला आहे. कॅमेऱ्याची तिकाटणी ठेवण्याआधी ते खाली वाकतात, मऊ कुंच्याने जमीन हलकेच झाडतात, मुंग्या नाहीत ना ते चष्मा सावरून बघतात आणि मग एकेक पाय टेकवतात. इतक्या वेळात पक्षी उडून जातो. बरोबरचे तरुण छायाचित्रकार चडफडतात. आण्णा शांत. "पक्षी उद्या येईल गड्या. चिरडलेली मुंगी येणार न्हाई."

पक्ष्याच्या तोंडासमोर डहाळी आली, तर दुसरे लोक ती सरळ मोडतात. आण्णा खिशातून सुती दोरा काढतात, डहाळी हळूच बाजूला ओढून बांधतात आणि काम झाल्यावर आठवणीने सोडतात. "आण्णा झाडाला राखी बांधतायत," असं ती पोरं म्हणतात. बांधलेल्या डहाळीवरच्या फुलांना आण्णा "जरा सोसा" असं सांगतात, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

एक अडचण मात्र त्यांना दोऱ्याने सोडवता येत नाही. फोटोसाठी सगळ्यात सुंदर उजेड असतो मावळतीचा, आणि आण्णांचं जेवण सूर्यास्ताआधी. झाडांवर सोनं सांडू लागतं तेव्हा हे घरी पाटावर बसून आमटी-भात खात असतात. म्हणून त्यांचे सगळे फोटो सकाळचे. मग ते माझ्याकडे येऊन म्हणतात, "बाई, ह्येची जरा संध्याकाळ करा." मी उजेड पिवळा करत नेते आणि ते हळदीच्या सौद्याला बसल्यासारखे पुढे झुकून बघत राहतात. "ह्यो सेलम झाला. मला राजापुरी पायजे. अजून... अजून... बास! आता कसा भाव येईल." हळदीच्या या दोन जाती मला एरवी कळत नाहीत, पण पडद्यावर आता अचूक कळतात.

मागच्या वर्षी त्यांनी साताऱ्याच्या एका प्रदर्शनाला फोटो पाठवला होता. काटेसावरीच्या लालभडक फुलांत कोतवाल, चोच उघडलेली. आम्ही दोघं सुनंदाताईंना घेऊन मोठ्या उत्साहाने साताऱ्याला गेलो. फोटो मांडलेला नव्हता. परीक्षक सज्जन होते. त्यांनी आण्णांना बाजूला घेऊन विचारलं, "काका, हा कोतवाल जांभई देतोय का?"

"न्हाई, चोचीत मधमाशी हुती," आण्णांनी खरं ते सांगून टाकलं.

"मग ती गेली कुठे?"

"सोडली."

परतीच्या वाटेवर सुनंदाताई रहिमतपूरपर्यंत हसत होत्या.

इथवरच्या आण्णांना सगळी गल्ली ओळखते. पण गल्लीला ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे, आणि ती ठाऊक असल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्यांची मुलगी त्रिशला जर्मनीत असते. तिचा मुलगा आदी जन्मल्यापासून अशक्त. वजन धरेना, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला अंडं द्यायला सांगितलं. त्रिशला स्वतः कांदासुद्धा खात नाही. पण तिने मुलाला अंडं सुरू केलं आणि वडिलांपासून ते लपवलं नाही. आण्णा भांडले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले आणि फोन सुनंदाताईंच्या हातात दिला. त्यानंतर तिचा फोन आला की आण्णांना अंगणात काहीतरी काम निघतं. कुंडीत पाणी घालतात, घातलेल्या कुंडीत पुन्हा घालतात. नातू आता बोलायला लागला आहे, आणि त्याच्याशी आण्णा एक शब्द बोललेले नाहीत.

"बाई, पोरगं आज्जी म्हणून हाक मारतंय मला," सुनंदाताई एकदा माझ्याजवळ म्हणाल्या. "आन् ह्यांचा फोटो दावला, तर म्हणतंय, ह्यो कोण?" एवढं बोलून त्या उठल्या आणि गॅस पुसायला लागल्या, माझा गॅस, जो स्वच्छच होता. मुलांनो, समुद्रापलीकडची नातवंडं फोनच्या पडद्यावर काय असतात, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

या वर्षी फाल्गुनात आण्णांनी आम्हाला दंडोबाच्या डोंगराकडच्या एका पळसाखाली नेलं. रविवारची सकाळ होती. मी माझी घडीची खुर्ची, थर्मास आणि टोपी घेतली होती. सुनंदाताईंनी चटणी-भाकरी घेतली होती. झाडावर पान नव्हतं, नुसती केशरी फुलं. फुलाफुलांतून शिंजीर फिरत होते, अंगठ्याएवढे पक्षी, वाकड्या बारीक चोचीने फुलांतला मकरंद पिणारे. शिंजीर हा आण्णांचा सगळ्यात लाडका. मकरंद पितो, कुणाला मारत नाही, म्हणून ते त्याला 'श्रावक' म्हणतात, म्हणजे व्रतं पाळणारा जैन गृहस्थ.

"बघा बाई, ह्यो एकच पक्षी असा हाय, ज्येच्या फोटोत तुमाला काय पुसावं लागत न्हाई."

नुकतंच घरट्याबाहेर पडलेलं एक पिल्लू काळसर कळ्यांच्या घोसाशेजारी बसलं होतं. अंगावर पिसं कमी आणि चोच जास्त. आण्णांनी जमीन झाडली, एक डहाळी बांधली, आणि नवल म्हणजे या वेळी कुणी उडालं नाही. पिल्लाची आई आली, क्षणभर पंख फडफडवत हवेतच थांबली, मग बाजूच्या फुलावर बसून पुढे वाकली. कॅमेरा खटाखट वाजला. आण्णा आमच्याकडे वळले तेव्हा त्यांचं तोंड शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखं झालं होतं. "घावला," ते म्हणाले. "जन्माचा फोटो घावला."

डहाळी सोडून, भाकरी खाऊन आम्ही दुपारी बाराच्या सुमारास सांगलीत परतलो आणि तडक माझ्या लॅपटॉपसमोर बसलो. मी फोटो उघडला. खरोखर सुरेख होता. पाठीमागे धूसर केशरी, पुढे दोन फुलं पणत्यांसारखी वळलेली, मध्ये माय-लेकरू. आण्णा म्हणाले, "चोचीजवळ जाऊ या." मी चोच मोठी केली.

चोचीत हिरवी अळी होती.

आण्णा पडद्याच्या आणखी जवळ सरकले. मग म्हणाले, "श्रावक हाय की ह्यो."

"आण्णा, शिंजीर स्वतः मकरंदावर राहतो," मी म्हटलं. मी पक्ष्यांचं एक पुस्तक आधीच वाचून ठेवलं होतं. सांगायची वेळ आली नव्हती इतकंच. "पण नुसत्या मकरंदावर पिल्लू वाढत नाही. त्याला अळ्या, कोळी असं काही लागतं. म्हणून आई ते शोधून आणते."

"सोता खात न्हाई?"

"क्वचित. पिल्लांसाठी मात्र दिवसभर धरून आणते."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "काढा, बाई," ते म्हणाले.

मी काढली. या कामात माझा हात आता चांगला बसला आहे. अळी होती तिथे केशरी धूसर रंग आला, कुणाला संशयही येऊ नये असा. पण फोटोत काहीतरी भयंकर झालं. पिल्लाने आ वासलेला होता, आतला लाल गळा दिसत होता, आणि आईची चोच रिकामी होती. ती रिकामी चोच घेऊन त्याच्यावर वाकली होती.

सुनंदाताई चहा घेऊन आल्या. पडद्याकडे बघून त्यांनी कपबशा टेबलावर ठेवल्या आणि या वेळी त्या हसल्या नाहीत.

"उपाशी ठिवलंय की हो लेकरू तुमी," त्या म्हणाल्या.

आण्णा त्या उघड्या चोचीकडे बघत होते. माझा चहा निवला. शेवटी ते अगदी हळू म्हणाले, "बाई, परत आणता येती का?"

"येते."

"आणा."

मी अळी परत आणली. आण्णांनी हात जोडले. अळीला की पक्षिणीला, ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात सुनंदाताईंचा फोन वाजला. रविवारी या वेळी जर्मनीत सकाळ, त्रिशलाकडे न्याहारी चालू असते. सुनंदाताईंनी सवयीने दाराकडे पाहिलं, आण्णांना वाट करून द्यायला त्या सरकल्याही. आण्णा उठले नाहीत. सुनंदाताईंनी फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

पडद्यावर आदी दिसला, म्हणजे नाकापासून वरचा आदी. केस, कपाळ, दोन मोठे डोळे. खाली काय चाललं आहे, ते दिसत नव्हतं. मी पक्ष्यांच्या इतक्या फोटोंच्या कडा छाटल्या आहेत की मला लगेच कळलं, ही चौकट कुणीतरी विचार करून धरलेली आहे. मुलाचं ताट कधी दिसू नये, अशी.

"आई, कशी आहेस?" त्रिशलाचा आवाज आला, आणि मग तिला खुर्चीतले आण्णा दिसले असावेत.

"त्रिशला," आण्णा म्हणाले.

"आण्णा?"

"पोरगं खातंय न्हवं?"

"खातोय, आण्णा."

"मग फोन जरा मागं घे की गं. नुसतं कपाळच दिसतंय त्येचं."

फोन हलला. छत दिसलं, खिडकी दिसली, तिचा ओला गाल दिसला. मग चौकट हळूहळू मागे गेली, आणि उंच खुर्चीत बसलेला आदी सगळा दिसू लागला, गळ्यातलं लाळेरं, दोन्ही हात आणि समोरची बशी.

आण्णा पुढे झुकले. "सावकाश भरव," ते म्हणाले. "घाई करू नगंस. मी हाय हितंच."